ठरावाची गरज नाही, असा ठराव

घर फुटायला फार काही लागत नाही. बांधावरचा एक फणस पुरतो, हे कोकणात कोणीही सांगेल. पण कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी कुठल्या प्रोग्रॅमने उठायचं, यावरून घर फुटल्याचं कधी ऐकलंय? फुटलं हो! आणि ऐरंगैरं नाही, डेबियनचं. स्वतःची लेखी घटना असलेलं, दरवर्षी नेता निवडणारं, जगभर पसरलेल्या हजारेक स्वयंसेवकांचं खानदानी घराणं.

खानदानी म्हणजे कसं, ते ऐका. 1993 साली इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव पुढे आणि स्वतःचं मागे जोडून लिनक्सच्या या वितरणाचं बारसं केलं. पुढे दोघांचं लग्न झालं, मग घटस्फोटही झाला, नाव मात्र कोणी बदललं नाही. नंतर कारभार ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आला. ते पिक्सारमध्ये नोकरीला, म्हणून प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्याचं नाव. बझ, रेक्स, वूडी, लेनी. जी आवृत्ती कायम अर्धवट, कायम मोडतोडीची, ती सिड, म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा कार्टा. एवढ्या खेळकर घरात एकमेकांची तोंडं न बघण्याची वेळ यावी? आली, आणि ती जेसीच्या वेळी. बिचारी बाहुली. तिच्या नावावर काय काय खपवलं गेलं याची तिला दाद ना फिर्याद.

मुळात तंटा कशाचा, तेवढं सांगते. बटण दाबलं की आधी मशीन स्वतःची तपासणी करतं, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत येऊन बसतो. हा कर्नल आपण होऊन एकच प्रोग्रॅम सुरू करतो. तो इनिट. त्याचा नंबर कायम एक, म्हणून पीआयडी वन. नेटवर्क, प्रिंटर, घड्याळ, लॉगिनचा पडदा ही सगळी त्याची मुलंबाळं आणि नातवंडं. तो मेला तर कर्नल हातपाय गाळतो आणि 'पॅनिक' असं लिहून सगळा कारभार जागच्या जागी थांबवतो.

या मंडळींची भाषा म्हणाल तर कानांवर हात ठेवावेत. पडद्याआड निमूट काम करणाऱ्या बापड्या प्रोग्रॅमला हे 'डीमन' म्हणतात. आईबाप गेलेली प्रोसेस 'ऑर्फन', ती आपोआप नंबर एकच्या पदरात येते. मेलेली, पण जिची विचारपूस बापाने केलेली नाही ती 'झॉम्बी', आणि बापही गेला तर तिचं क्रियाकर्म नंबर एकनेच उरकायचं. 'अरे, पेरेंट मेला, मग चिल्ड्रनना किल का नाही केलंस?' असं भरल्या लोकलमध्ये फोनवर ओरडणारा सिस्टम ॲडमिन भेटला, तर साखळी ओढू नका. पोटापाण्याचं काम करतोय तो.

तर हे नंबर एकचं पद डेबियनमध्ये वर्षानुवर्षं सिसव्ही-इनिट नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. पद्धत एटी अँड टीच्या 1983च्या सिस्टम फाइव्ह युनिक्सपासून चालत आलेली. प्रत्येक सेवेची एक शेल स्क्रिप्ट आणि तिच्या नावाआधी एस20, के80 असे क्रमांक. एस म्हणजे स्टार्ट, के म्हणजे पुन्हा तेच, किल. सगळ्यांनी क्रमाने उठायचं. एखादी स्क्रिप्ट नेटवर्कची वाट बघत रेंगाळली की तिच्या मागच्या ताटकळल्याच. शिवाय काही सेवांना एक खोड असते. त्या दोनदा फोर्क होतात, म्हणजे स्वतःची नक्कल काढतात, बापाशी संबंध तोडतात आणि मोकळ्या फिरतात. म्हाताऱ्याकडे उरतं त्यांचा नंबर लिहिलेलं एक चिठोरं. सेवा केव्हाच पडलेली, त्या नंबरावर दुसरंच कोणी राहायला आलेलं, आणि तुम्ही 'स्टॉप' म्हटलंत की मरायचं ते भलतंच. पण म्हाताऱ्याचं सगळं उघड्यावर असायचं. स्क्रिप्ट उघडा, वाचा, आवडलं नाही तर बदला. विचारायला कोणाकडे जायचं नाही.

आणि मग 30 एप्रिल 2010 रोजी लेनार्ट पोटरिंग अवतरले.

हे गृहस्थ रेड हॅटमध्ये नोकरीला. कंपनी अमेरिकेची, पण पुण्यातही तिचं मोठं ऑफिस आहे, म्हणजे प्रकरण अगदीच परक्या गावचं नाही. यांनीच आधी पल्सऑडिओ लिहिलेलं. 2008च्या सुमारास ज्यांच्या लिनक्स लॅपटॉपची वाचा गेली होती त्यांना ते नाव पाठ होतं. म्हणजे गडी आला तोच बदनाम होऊन. केई सीव्हर्स हे सहकारी बरोबर घेऊन त्यांनी लांबलचक लेख लिहिला, की पीआयडी वनचा मुळापासून पुन्हा विचार करायला हवा, आणि तो आम्ही केलाय. त्याचं नाव सिस्टमडी.

आता खरं सांगू? कामाला गडी वाईट नाही. मोठ्याने बोलायचं नाही, एवढंच. सिस्टमडी सगळ्यांना एकदम उठवतं. सेवा तयार व्हायच्या आधीच तिचं सॉकेट उघडून ठेवतं, म्हणजे बोलावणारे दारात थांबतात, परत जात नाहीत. ॲपलच्या लाँचडीने हा खेळ 2005मध्येच करून दाखवला होता. प्रत्येक सेवेला सीग्रुप नावाच्या कुंपणात घालतं, त्यामुळे दोनदा काय, दहादा फोर्क झाली तरी पळून जाणार कुठे? शंभर ओळींच्या स्क्रिप्टच्या जागी दहा ओळींची फाइल, आणि तिच्यात 'रीस्टार्ट बरोबर ऑन-फेल्युअर' एवढं लिहिलं की पडलेली सेवा आपसूक उभी राहते. ज्यांनी रात्री दोनला झोपेतून उठून हे काम हाताने केलंय त्यांना या एका ओळीची किंमत विचारा.

मग चिडायचं कशाला? कारण गडी उंबऱ्यावर थांबला नाही. युनिक्सवाल्यांचं ब्रीद असं, की एका प्रोग्रॅमने एकच काम करावं आणि ते नीट करावं. सिस्टमडीने लॉग घेतले, लॉगिन घेतलं, नेटवर्क घेतलं, घड्याळ घेतलं, डीएनएस घेतलं. जुनी मंडळी म्हणाली, एक ना धड भाराभर चिंध्या! लॉग म्हणजे पूर्वी साधी मजकुराची फाइल. ग्रेप मारा, टेल लावा, दोष हाताला लागतो. आता ती बायनरी, आणि वाचायची तर जर्नलसीटीएल नावाच्या कारकुनामार्फत. नेटवर्क कार्डाचं 'ईटीएच0' हे सुटसुटीत नाव जाऊन 'ईएनपी3एस0' असं मोटारीच्या नंबरप्लेटसारखं काहीतरी आलं. आणि मशीन बंद करताना जे होतं त्याला तर तोड नाही. संध्याकाळचे सात, बॅग खांद्यावर, काळ्या पडद्यावर तीन लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे येरझारा घालतायत, आणि शेजारी लिहिलंय की 'अ स्टॉप जॉब इज रनिंग'. कुठला जॉब, कशासाठी, काही खुलासा नाही. पुढे मर्यादा, 1 मिनिट 30 सेकंद. एका सेवेला निरोप घ्यायला सिस्टमडी मूळचा नव्वद सेकंदांचा वेळ देतं. तेवढ्यात कितीजणांची 7:04 सुटली असेल, याचा हिशोब कुठल्याच लॉगमध्ये नाही.

एकेक घर पडत गेलं. मे 2011मध्ये फेडोरा, ऑक्टोबर 2012मध्ये आर्च, जून 2014मध्ये रेड हॅटचं मुख्य दुकान. जेन्टूवाल्यांनी वेळीच धोका ओळखून हार्डवेअर ओळखणारा यूडेव्ह तेवढा उचलून ईयूडेव्ह नावाने वेगळा काढला. ग्नोम डेस्कटॉपने सिस्टमडीच्या लॉगिनडीशी सूत जुळवलं, म्हणजे साधा डेस्कटॉप हवा तरी वहिवाट त्याच अंगणातून. डेबियनला आता तोंड लपवून बसायची सोय राहिली नाही.

ऑक्टोबर 2013मध्ये प्रकरण तांत्रिक समितीपुढे गेलं. मेंबर आठ. समसंख्येची समिती नेमणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार! उमेदवार मुख्यतः दोन: सिस्टमडी आणि उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीचं अपस्टार्ट. ओपनआरसी वगैरे होते, पण नुसते हजेरीला. महिनोन् महिने चर्चा झाली, आणि चांगली झाली हो. रस ऑलबेरी यांनी दोन्ही सिस्टम्स स्वतः वापरून, सेवा लिहून बघून सविस्तर टिपण केलं. एवढा अभ्यास करून भांडणारी माणसं मी तरी पाहिली नाहीत. पण गावाला अभ्यासात रस नव्हता. गावाने आधी पगार मोजले. अपस्टार्टच्या बाजूला कॅनॉनिकलचे आजी-माजी नोकर आहेत, हे लगेच बाहेर आलं. सिस्टमडीच्या बाजूला रेड हॅटचा हात आहे अशी कुजबूज. त्या बाजूच्या मेंबरांत रेड हॅटचा पगारी एकही नव्हता, पण कुजबुजीला पगारपत्रक थोडंच लागतं?

11 फेब्रुवारी 2014. मतं मोजली. चार आणि चार.

मग घटनेप्रमाणे अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्ष बीडेल गार्बी. त्यांचं आधीचं मत सिस्टमडीलाच होतं, तर निर्णायक कुणाला जाणार? म्हणजे बघा, असंख्य सर्व्हर, पोरांच्या प्रोजेक्टांतले रास्पबेरी पाय, आपल्या सी-डॅकने डेबियनवरच उभारलेलं बॉस लिनक्स, या सगळ्यांत पहिला कोण उठणार ते एका माणसाच्या दुसऱ्या मताने ठरलं! आणि यातलं अवाक्षर त्या रास्पबेरी पायवर दिवे लुकलुकवणाऱ्या पोराला माहीत नाही.

पुढचा अंक तीनच दिवसांनी, तोही व्हॅलेंटाइनच्या मुहूर्तावर. उबुंटूचे मालक मार्क शटलवर्थ यांनी ऑक्टोबरात याच सिस्टमडीला घुसखोर आणि विनाकारण आलेलं अशा अर्थाची विशेषणं बहाल केली होती. 14 फेब्रुवारीला ते म्हणाले, आम्ही हरलो, मोठ्या मनाने हरतो, उबुंटूही सिस्टमडी घेईल. डेबियन हे उबुंटूचं माहेर, तिथेच अपस्टार्ट नको म्हटल्यावर ते कुणाच्या जिवावर टिकणार? एप्रिल 2015च्या 15.04 आवृत्तीत त्यांनी शब्द पाळलाही. मला विचाराल तर या सबंध प्रकरणात शहाणपणाचं म्हणावं असं वागणं एवढंच.

कर्नलच्या अंगणातही त्याच वसंतात ठिणगी पडली. कर्नलला 'डीबग' असा एक शब्द सुरुवातीला देता येतो. सिस्टमडीनेही तोच शब्द स्वतःसाठी वाचायला घेतला आणि लॉगचा असा धबधबा सोडला की मशीन उठेनाच. सीव्हर्स म्हणाले, तो शब्द काही कर्नलच्या एकट्याच्या मालकीचा नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2 एप्रिलला जाहीर केलं, की या माणसाचा कोड मी आता घेणार नाही. टोरवाल्ड्स यांचं सिस्टमडीशी तसं वाकडं नाही, बायनरी लॉग आवडत नाहीत एवढंच. पण मान राखायला नको?

आणि इथेच सगळी गोम आहे बघा. तंटा वेगाचा नव्हता, स्क्रिप्टचा नव्हता, बायनरीचाही फारसा नव्हता. तंटा मानपानाचा होता. वीस-वीस वर्षं फुकट राबलेल्या माणसांना 'तुमची पद्धत जुनी झाली, बाजूला व्हा' असं एका तिशीतल्या पोराने सांगितलं, आणि वर ते बरोबर निघालं. चुकलं असतं तर माफ केलं असतं हो.

त्या सालच्या पावसाळ्यानंतर इयन जॅक्सन उठले. हे डेबियनचे एके काळचे नेते, पॅकेजेस बसवणारं डीपीकेजी त्यांच्या हातचं, समितीतल्या अपस्टार्टवाल्यांपैकी एक. त्यांनी सर्वसाधारण ठराव मांडला, की कुठल्याही पॅकेजने अमुकच इनिट हवं असा हट्ट धरू नये. ठरावाला उपठराव आले, दुरुस्त्या आल्या, सगळ्यांनी पसंतीक्रम लावले, आणि नोव्हेंबर 2014मध्ये निकाल लागला. जिंकलेला पर्याय कोणता? 'सर्वसाधारण ठरावाची गरज नाही.' म्हणजे ठराव आणला, महिनाभर घसा बसवला, मतपत्रिका मोजल्या, आणि रीतसर मतदानाने ठरवलं की ठरवायचं काही नव्हतंच. मला तर हे वाचून डेबियनबद्दल एकदम जिव्हाळा वाटायला लागला.

जॅक्सन यांनी समिती सोडली. ऑलबेरी आणि कॉलिन वॉटसन हेही समितीतून बाहेर पडले. सिस्टमडीचं पॅकेज सांभाळणारे टॉलेफ फोग हेन रोजच्या शिव्यांना कंटाळून त्या कामातून मोकळे झाले. आणि जोई हेस, ज्यांच्या हातच्या अवजारांशिवाय डेबियनचं पान हलत नाही, ते तर अठरा वर्षांनी घर सोडूनच गेले. महिना एकच, नोव्हेंबर.

त्याआधी ऑक्टोबरात पोटरिंग यांनी लिहिलं होतं, की मला मारण्यासाठी लोक बिटकॉइन गोळा करतायत. सुपारी! अहो, सुपारी! इनिट सिस्टमवरून! थट्टेने केलं असेल म्हणणारेही निघाले. मला त्यात थट्टा सापडली नाही. ज्याच्या नावाने वर्गणी गोळा होते त्याला विचारा.

आणि 27 नोव्हेंबरला वाटणी झाली. 'व्हेटरन युनिक्स ॲडमिन्स' असं सही करणाऱ्या मंडळींनी जाहीर केलं, की आम्ही डेबियन फोर्क करतोय, नाव डेव्हुअन, आणि यात सिस्टमडी असणार नाही. वर्गणीचं आवाहनही लगोलग. लोक म्हणाले, चार दिवसांचं नाटक, होईल बंद. झालं नाही. चूल पेटली, फक्त धूर निघायला वेळ लागला. पहिली पक्की आवृत्ती 25 मे 2017ला आली, नाव जेसी. हो, तीच जेसी! मूळ घरची जेसी तोवर दोन वर्षांची झालेली, आणि तीनेक आठवड्यांत तिची जागा स्ट्रेच घेणार होती. आमची जेसी त्या बाहुलीवरून नाही, असं धाकट्या घरचं म्हणणं. ती 10464 क्रमांकाच्या लघुग्रहावरून! नाव तेच ठेवायचं, पण कारण वेगळं सांगायचं. पुढे मग लघुग्रहांचाच शिरस्ता पडला: आस्की, बेओवुल्फ, कायमेरा, डेडलस.

आणि वेगळ्या चुलीची खरी मजा पुढेच आहे. डेव्हुअनमधली बहुतेक पॅकेजेस जशीच्या तशी डेबियनची असतात. अँप्रोला नावाचा एक प्रोग्रॅम डेबियनचं सगळं धान्य उचलतो, ज्यात सिस्टमडीचे खडे आहेत तेवढं निवडून बाजूला काढतो, आपलं थोडं मिसळतो आणि ताटात वाढतो. भांडण कडकडीत, पण पीठ थोरल्याच घरचं. नावं ठेवायला सांगत नाहीये मी. उलट शहाणपण आहे हे. पाच-पंचवीस हजार पॅकेजेस मूठभर माणसांनी एकट्याने सांभाळायची म्हटली असती तर डेव्हुअन पहिल्याच उन्हाळ्यात आटलं असतं. पण 'संपूर्ण स्वातंत्र्य' वगैरे घोषणा ऐकल्या की मला ते अँप्रोला आठवतं आणि तोंडाला पदर लावावा लागतो. आणि 1 एप्रिल 2019ला यांनी काय करावं? आपली साइट हॅक झाल्याचा देखावा! कोणी केला? घरातल्यांनीच, एप्रिल फूल म्हणून! ज्यांची सगळी पुण्याई 'आमच्यावर विश्वास ठेवा' यावर उभी, त्यांना हाच विनोद सुचावा?

थोरल्या घरीही आनंदीआनंदच म्हणा. 2016मध्ये सिस्टमडीने ठरवलं, की माणूस लॉगआउट झाला की त्याच्या मागे राहिलेल्या सगळ्या प्रोसेस मारून टाकायच्या. रात्रभर चालायला म्हणून टीमक्समध्ये सोडून दिलेली कामंही त्यात आली. सकाळी येऊन बघावं तर स्मशानशांतता. डेबियनने ती सवय आपल्याकडे बंद केली. 2017मध्ये आकड्याने सुरू होणाऱ्या युजरच्या नावाने सेवा लावली तर ती थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालते, असं कोणाच्या तरी लक्षात आलं. पोटरिंग म्हणाले, हा दोष नाहीच. अशा उत्तरांना सुरक्षावाल्यांनी त्या वर्षीचा पोनी पुरस्कार दिला, सगळ्यात फुसक्या उत्तराबद्दलचा. 2022मध्ये पोटरिंग रेड हॅट सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि काही जुन्या विरोधकांनी 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' म्हणून टाळ्या दिल्या, जणू बारा वर्षं याच दिवसासाठी उपास धरला होता.

कळस जून 2024चा. 256वी आवृत्ती निघाली आणि सिस्टमडीवाल्यांनीच तिची जाहिरात केली: आता 42 टक्के कमी युनिक्स तत्त्वज्ञानासह! विरोधकांच्या तोंडचा घासच काढून घेतला. पण त्याच आवृत्तीत सिस्टमडी-टेम्पफाइल्सला 'पर्ज' म्हटलं की ते होम फोल्डरही साफ करतं, असं निघालं. नावात 'टेम्पफाइल्स', आणि पुसायला निघालं घर! 256.1मध्ये ते सावरलं.

मधल्या काळात, डिसेंबर 2019मध्ये, डेबियनने पुन्हा एकदा मतदान घेतलं. इनिट सिस्टमवरच. या खेपेला तरी ठराव करण्याची गरज आहे असं निघालं. निकाल असा, की सिस्टमडी राहील, पण पर्याय धुंडाळणाऱ्यांना आमच्या शुभेच्छा. दोन्ही बाजूंना तो सारखाच नावडला, म्हणजे बहुधा बरोबर असावा.

आणि धाकट्या घरी? तिथे आता इनिट निवडायची सोय आहे. सिसव्ही-इनिट, ओपनआरसी की रनइट, काय हवं ते घ्या. पर्याय तीन, आणि माणसं तीच.